बाटलीवर स्पिरिट लिहिलं होतं

फेब्रुवारी लागला की लातुरातल्या आमच्या क्लासचे बाक रिकामे व्हायला लागतात. एरवी एका बाकावर चार-चार पोरं दाटीनं बसलेली असतात. कोपर हलवायचं तर शेजारच्याला सांगून हलवावं लागतं. पण प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आले की ही पोरं आठ-दहा दिवस गायब होतात. ज्या कॉलेजच्या हजेरीपटावर त्यांची नावं आहेत ते कॉलेज शोधायला जातात. 'शोधायला' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. या महिन्याच्या सुरुवातीला एका पोरानं मला विचारलं, "मॅडम, आमच्या कॉलेजला जायचं तर कोणत्या फाट्यावर उतरावं लागतं, तुम्हाला माहिती हाय का?" दोन वर्षं झाली, तो त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे.

परत आला तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

"मस्त मॅडम. बाहेरचे सर लई चांगले होते. चहा पिले, सह्या केल्या, गेले."

"प्रयोग कोणता आला होता?"

"प्रयोग नव्हता मॅडम, प्रॅक्टिकल होतं."

वर्ग हसला. मी हसले नाही, चिडलेही नाही. फळ्याकडे वळून पुढचा प्रश्न लिहिला. दोन वर्षांपूर्वी याच वाक्यावर मी संध्याकाळपर्यंत पत्रक लिहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ते पिवळ्या कागदावर छापून बसस्टँडच्या गेटवर वाटत उभी राहिले असते. आता वाक्य कानावरून जातं. राग येण्याची जागा असते तिथं हात लावून बघावं तर काही लागत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, त्यानंतर गाल आपलाच असतो पण चिमटा घेतला तरी कळत नाही. तसं.

त्या दिवशी फळ्यावर जो प्रश्न होता तो द्रावकाचा होता. समतोलावर द्रावकाचा परिणाम, चार पर्याय, बरोबर उत्तर ब. आमच्या क्लासमध्ये या विषयाला सहा मिनिटं आहेत. सहा मिनिटांत मी द्रावक, समतोल, ब, असं सगळं सांगून मोकळी होते. पोरं ब ला गोल करतात. कुणाच्या हाताला काही लागत नाही, कुणाच्या नाकाला काही वास येत नाही. हॉलमध्ये नळ नाही.

नांदेडला, माझ्या आधीच्या कॉलेजात, होता. त्याला एक दिवसाआड पाणी यायचं आणि ते आलं की बेसिनमधल्या पाइपातून आधी खोकल्यासारखा आवाज यायचा. कॉलेज नांदेडच्या बाहेर, अर्धापूरच्या वाटेवर. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मागच्या बाजूला, पत्र्याखाली. फेब्रुवारीत सकाळी आठला स्वेटर घालून आत शिरायचं आणि अकरा वाजता खिडक्या ढकलून उघडायच्या. खिडकीतून केळीच्या गाड्या दिसायच्या, हिरवे घड वर पाल्यानं झाकलेले. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दरवर्षी जूनमध्ये तुमची नेमणूक नव्यानं होते किंवा होत नाही, आणि का झाली नाही हे विचारायची सोय नसते. आम्ही असे पंधरा-वीस जण मिळून पत्रकं काढायचो. लिहायची मीच. पहिल्या वाक्यात मागणी, दुसऱ्यात जबाबदार कोण, तिसऱ्यात तारीख. विशेषणं कमी. "प्रयोगशाळेला कुलूप आणि जर्नल मात्र पूर्ण, हा चमत्कार कोण करतं?" हे वाक्य माझं. पोरांना ते पाठ होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तेवीस पोरं-पोरी होत्या. त्यातली एक शिवकन्या. अर्धापूरहून बसनं यायची. तिच्या घरची सगळी माणसं केळीच्या कामात. घड उतरवणं, धुणं, गाडीत लावणं. तीही सकाळचं दोन तास काम करून यायची. तिच्या जर्नलच्या कव्हरवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग होते, ओढणीवर होते, एका नखाच्या कडेलाही होता. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, "मॅडम, चिकाचा डाग कोणत्या द्रावकात जातो?" मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, बघून सांगते. पुस्तकात नव्हतं. तिनं स्वतःच रॉकेल, स्पिरिट, चुन्याचं पाणी असं सगळं करून पाहिलं आणि एका कागदावर लिहून आणलं: कशात फिका पडतो, कशात पसरतो, कशात जास्तच काळा होतो. माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत कुणी न सांगता केलेलं हे एकच काम.

समतोलावर द्रावकाचा परिणाम मी त्यांना जानेवारीत शिकवला. स्पिरिटच्या बाटलीत बोटभर स्पिरिट उरलं होतं. नवीन आणायचं तर परवाना लागतो, आणि कॉलेजनं त्याचं नूतनीकरण केलेलं नव्हतं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. मी ठरवलं, उरलेलं सगळं एकदाच वापरायचं, पण सगळ्यांना दिसेल असं. कोबाल्ट क्लोराइडचे चार खडे पाण्यात टाकले: गुलाबी. चार खडे स्पिरिटमध्ये टाकले: निळं. खडे तेच. कुणी काही मिसळलं नाही. फक्त कशात विरघळवलं ते बदललं.

"कामून असं?" शिवकन्यानं विचारलं.

मी लातूरजवळच्या मुरुडची. मुरुडमध्ये मी आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक बाई, आम्ही कधी एकमेकींकडे बघून मानसुद्धा हलवली नाही. आपापल्या घरच्यांच्या, नातेवाइकांच्या घोळक्यात असायचो, गरज काय? तीच बाई एकदा पुण्याच्या बसस्टँडवर भेटली. अशी गळ्यात पडली की सोडेना. दोघी एका बाकावर चिकटून बसलो तीन तास. मी वर्गाला हेच सांगितलं. पाणी म्हणजे मुरुड. पाण्यात कोबाल्टभोवती पाण्याचे रेणू सोयऱ्यांसारखे गोळा होतात, क्लोराइडभोवतीही होतात; मग त्या दोघांना एकमेकांची गरज उरत नाही. तो गुलाबी रंग. स्पिरिट म्हणजे पुण्याचा बसस्टँड. तिथं दोघांनाही जवळ घेणारं असं फारसं कुणी नाही, म्हणून ती एकमेकांना धरून बसतात. तो निळा. माणसं तीच असतात. समतोल कुणीकडे झुकणार, हे ती कुठं उभी आहेत त्यावरही ठरतं.

"आणि स्पिरिटमध्ये पाणी टाकलं तर?"

"तूच टाक."

तिनं ड्रॉपरनं थेंब-थेंब पाणी सोडलं. निळा, जांभळट, मग एका थेंबाला अचानक गुलाबी. "म्हणजे मुरुडची बस आली," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी प्रयोगशाळा हसली. तेवीसच्या तेवीस जण टेबलावर वाकले होते. माझ्या शिकवण्यातला तो एक चांगला दिवस. तो आठवताना तरी आत काही हलावं अशी माझी अपेक्षा असते. हलत नाही.

स्पिरिट त्या दिवशी संपलं.

मराठवाड्यात प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत आहे, आणि ती कुठल्या एका कॉलेजची म्हणता येणार नाही. टेबलावर बाटल्या लावायच्या. लेबलं नवी चिकटवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाटल्या ओळीनं अशा दिसल्या पाहिजेत की दारातून बघणाऱ्याला वाटावं, इथं वर्षभर काम चाललं होतं. आमचे विभागप्रमुख सर वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. आदल्या दिवशी त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "स्पिरिट?"

"संपलंय सर. तुम्हाला लेखी दिलं होतं मी."

"लेखी राहू द्या हो मॅडम. बाटली दिसली पाहिजे. बाहेरच्यांनी अहवालात लिहिलं, स्पिरिट नव्हतं, तर मग परवाना कामून नाही, इथून सुरू होतं. तुम्ही तरुण आहात, काहीतरी करा."

गफूरभाई आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्यांनी ऑफिसच्या जिन्याखालून कॅन आणला, करोनाच्या काळात मिळालेल्या सॅनिटायझरचा. पातळ, पाण्यासारखं, लिंबाच्या वासाचं. "इसमें भी वोच हाय ना मॅडम? अल्कोहोलच हाय."

"पाणी पण आहे गफूरभाई. बरंच."

"मग काय झालं? बाटली तर स्पिरिटचीच हाय."

सरळ लिहिते, कारण वळसे घालून लिहायला मी शिकले नाही: ती बाटली मी भरली. गफूरभाईंनी कॅन तिरका केला, बाटलीच्या तोंडावर चाडी मी धरली. फिजिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या बाईला त्यात कोबाल्ट क्लोराइड निळं होणार नाही हे माहीत नव्हतं, असं म्हणायला मला तोंड नाही. माहीत होतं. मी असा विचार केला की टेस्ट ट्यूबकडे कोण बघतंय? इथं जर्नलकडे बघतात, उत्तरपत्रिकेकडे बघतात. पोरांनी जानेवारीत निळा बघितला आहे, ती निळा लिहितील, आणि सगळं पार पडेल. मी इतकी वर्षं ज्याच्यावर तोंड टाकत होते, तो हिशेब मला न अडखळता करता आला.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर, स्वच्छ, इस्त्रीचे कपडे. दारातच थांबून म्हणाले, "वा. तुमच्या लॅबला छान वास आहे हो."

विभागप्रमुख सर हसले. "स्वच्छतेकडे लक्ष असतं सर आमचं."

चिठ्ठ्या काढल्या. द्रावकाचा प्रयोग चौघांना आला, त्यात शिवकन्या. तासाभरानं परीक्षक फिरत आले. पहिल्या तिघांनी लिहिलं होतं: स्पिरिटमध्ये निळा. तिघांच्याही स्टँडमध्ये गुलाबी ट्यूबा उभ्या होत्या. परीक्षकांनी कागद वाचला, बरोबरची खूण केली, पुढं सरकले. ट्यूबांकडे पाहिलंच नाही. माझा अंदाज चुकला नव्हता.

चौथ्या कागदावर लिहिलं होतं: स्पिरिटमध्ये गुलाबी.

ते थांबले. "हे काय?"

"गुलाबी आला सर."

"येईल कसा? ट्यूब ओली असेल तुझी."

"कोरडी होती सर. ओढणीनं पुसली मी."

"ओढणीनं पुसतात का? परत कर."

तिनं परत केला. सावकाश, नीट, प्रत्येक गोष्ट त्यांच्यासमोर धरून. परत गुलाबी. आता आजूबाजूची पोरं बघायला लागली होती. पहिल्या तिघांतल्या एकानं आपली ट्यूब हळूच बेसिनमध्ये ओतली.

"स्पिरिटमध्ये समतोल कुणीकडे झुकतो, माहीत आहे का तुला?" परीक्षकांनी विचारलं.

"निळ्याकडे सर."

"मग?"

"या स्पिरिटमध्ये नाही झुकून राहिला."

"म्हणजे स्पिरिट चुकीचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. विनवणीनं नाही. वर्गात उत्तर अर्धं सांगून झालं की पुढचं मी पूर्ण करावं म्हणून बघायची, तसंच. तिला वास ओळखू आला असणार. जिला चिकाच्या डागावर सहा द्रावकं लावून बघायची सवय, तिला लिंबाचा वास काय सांगतो ते कळलं नसेल? ती माझी वाट बघत होती. एक वाक्य होतं. 'सर, बाटलीत स्पिरिट नाही.' चार शब्द. पत्रकाच्या शीर्षकाहून लहान.

विभागप्रमुख सर माझ्या उजव्या हाताला उभे होते. गफूरभाई दारात. मी फळ्याकडे बघत होते. मला भीती वाटत होती का? आता प्रामाणिकपणे आठवून बघितलं तरी भीती सापडत नाही. जूनच्या नेमणुकीचा विचार होता, पण तो नंतर जोडलेला असावा. त्या क्षणी नुसतं शांत होतं, पाणी नसलेल्या दिवशी नळाचा पाइप असतो तसं.

"मॅडम, तुमची विद्यार्थिनी उर्मट आहे," परीक्षक म्हणाले.

"ती... हुशार आहे सर," मी म्हणाले.

"हुशार आणि उर्मट. बसा." त्यांनी निरीक्षणावर आडवी रेघ मारली. तोंडी परीक्षेत तिला दुसरा प्रश्न विचारला नाही.

ती प्रात्यक्षिकात नापास झाली. एकटी. बाकीचे बावीस पास. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली होती, पण त्या गुणांचा उपयोग नव्हता. पदवी अडली, आणि नांदेडला एम.एस्सी.ला तिनं जो अर्ज केला होता तो पदवीवाचून बाद झाला. निकालाच्या दिवशी ती मला भेटायला आली. मी खुर्चीवर सरळ बसले. म्हटलं, आता बोलेल, आता पत्रकातलं माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारेल. माझी तयारी होती. तिनं विचारलं, "मॅडम, मी चुकीचं केलं का?" मी म्हणाले, "नाही." तिनं मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

यानंतर मी पत्रक लिहायला बसले होते. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्या वाक्यात जबाबदार कोण ते लिहायचं असतं. तिथं विभागप्रमुख, कॉलेज, परवान्याची फाइल, परीक्षेची पद्धत असं बरंच लिहून झालं. प्रत्येक गोष्ट खरी होती. वाचून पाहिलं तर त्यात चाडी धरणारा हात कुठंच नव्हता. कागद ठेवून दिला. जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही, कारण अर्थात कुणी सांगितलं नाही. म्हणजे गप्प राहूनही काही वाचलं नाही. मी लातूरला आले. इथं माझ्या हातात बाटली येत नाही, हे मला या नोकरीतलं बरं वाटतं, आणि असं बरं वाटतं हे अजिबात बरं नाही एवढं मला कळतं. कळण्यापलीकडे ते जात नाही.

आता कुणी म्हणेल, यात मोठं रूपक आहे. समाज हा द्रावक, माणूस तोच, रंग बदलतो वगैरे. मला हे रूपक मान्य नाही. कोबाल्टला काही ठरवता येत नाही. ते पाण्यात टाकलं की गुलाबी होतं, स्पिरिटमध्ये निळं, त्यात त्याचा दोष नाही. मी खडा नव्हते. मला तोंड होतं. आणि त्या प्रयोगशाळेत, त्याच लिंबाच्या वासात, त्याच भित्र्या माणसांमध्ये उभी असलेली एक मुलगी दिसलं ते लिहून मोकळी झाली होती. सभोवतालानं माणूस असा होतो हे सांगायला मला आवडलं असतं. ती मधे उभी आहे म्हणून सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दुपारी, दोन तासांच्या मधल्या सुटीत. हॉल रिकामाच होता. पोरं प्रात्यक्षिकांना गेलेली. मी जिन्यात उभी राहून बोलले.

"मॅडम, ओळखलं का? शिवकन्या."

"बोल ना. काय करतेस?"

"घड धुते," ती म्हणाली. "केळी पॅकिंगला. आज अर्धीच गाडी भरली अजून. औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचे. हात बघा कसे झालेत, असं म्हणणार होते, पण फोनवर कसे दिसणार." ती हसली. मग म्हणाली, "परीक्षेला परत बसून राहिले मॅडम. मागच्या साली फॉर्म भरणं झालंच नाही. सोमवारी प्रॅक्टिकल हाय. हा शेवटचा चान्स म्हणतात. यात निघाले तर एम.एस्सी.चं बघते, नाही तर मग हेच."

"निघशील."

"गफूरभाई रिटायर झाले. नवीन माणूस हाय. काल जर्नल दाखवायला गेले तर टेबलं लावून ठेवली होती. स्पिरिटची बाटली तीच हाय मॅडम. वास पण तोच." मग तिनं विचारलं, "आता चिठ्ठी तीच आली तर काय लिहू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला उत्तर माहीत होतं. दोन्ही उत्तरं माहीत होती.

"निळा लिही," मी म्हणाले.

"गुलाबी आला तरी?"

"तरी."

मला वाटलं, आता ती भांडेल. कामून, म्हणून विचारेल. मला ते हवं होतं. त्या मुलीनं माझ्यावर ओरडावं आणि मला ते कुठंतरी लागावं, एवढंच हवं होतं.

"बरं मॅडम," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, सगळी म्हणतात तशी.

मी आणखी काही बोलेन म्हणून मी स्वतःच फोन कानाला लावून उभी राहिले. पण तिनं केव्हाच फोन ठेवला होता. तिला अजून अर्धी गाडी भरायची होती.